चढ-उताराच्या शेतासाठी जुनी क्वाड बाईक मिळाली आहे: चालवणं आणि देखभाल, दोन्हींबद्दल मदत हवी

हिरवी_टेकडी

नमस्कार मंडळी. आम्ही मार्चमध्ये मेलबर्न सोडून साउथ गिप्सलँडमध्ये, कोरुम्बराजवळ राहायला आलो. 22 एकर जमीन आहे. त्यातली सपाट जेमतेम पाच-सहा एकर, बाकी सगळा उतार. 14 कालवडी आहेत आणि जिथे बघावं तिथे ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. घराबरोबर आधीच्या मालकांनी त्यांची क्वाड बाईकही दिली: 2015 ची होंडा टीआरएक्स420, पायाने गिअर टाकायची, जोर दोन चाकांना की चारही चाकांना ते बदलता येतं. मागच्या रॅकवर 60 लिटरची फवारणीची टाकी बसवलेली आहे. उलटली तर माणसाला वाचवणारी पट्टी वगैरे काही नाही.

मी कोल्हापुरात आधी लूना आणि मग स्कूटी चालवत मोठी झाले, त्यामुळे वाटलं होतं की ही तर सोपीच असेल, चार चाकं आहेत. दोन महिन्यांत कळलं की तसं नाही. म्हणून सविस्तर विचारते.

वळताना हँडल वळतं पण गाडी सरळच जाऊ पाहते. उतारावर आडवी नेताना पोटात गोळा येतो. टायर बसलेले दिसत होते म्हणून नवऱ्याने पेट्रोल पंपावर नेऊन चारही चाकांत 20 पीएसआय हवा भरली, तेव्हापासून गाडी चेंडूसारखी उडते. ऑइलच्या झाकणाला आतून सायीसारखा पांढरट थर दिसला. सर्व्हिसिंग शेवटचं कधी झालं याची काही नोंद नाही.

आणि दोन घरगुती प्रश्न. मुलगी आठ वर्षांची आहे. सीट चांगली लांब आहे, ती मागे बसायचा रोज हट्ट करते. आणि डिसेंबरमध्ये गडहिंग्लजहून सासरे येणार आहेत. त्यांनी 40 वर्षं ट्रॅक्टर चालवला आहे, आल्या आल्या ते क्वाडवर बसणार हे नक्की. त्यांना नाही म्हणणं अवघड आहे. काय करावं?

कुकडीकाठ

ताई, बरं केलंत विचारलंत. मी मूळचा जुन्नर तालुक्यातला. 2007 पासून गिप्सलँडमध्ये आहे. आधी सात वर्षं दुधाच्या फार्मवर होतो, आता शेतीची यंत्रं दुरुस्त करतो. तुमच्या मॉडेलच्या बऱ्याच गाड्या हाताखालून गेल्या आहेत. सगळं लिहितो, लांबेल.

आधी आज संध्याकाळचं काम. ती हवा काढा. सीटखाली किंवा मडगार्डवर स्टिकर असेल, त्यावर दाब लिहिलेला सापडेल, बहुधा 25 किलोपास्कलच्या आसपास. म्हणजे साधारण साडेतीन पीएसआय. क्वाडचे टायर बसलेले दिसतात, कारण ते तसेच असायचे असतात. या गाडीचं सस्पेन्शन अर्धं त्या टायरमध्ये आहे. 20 भरल्यावर टायर जमिनीला टेकतो तो फक्त मधल्या पट्टीवर, दगड-ढेकळावरून उसळतो आणि ती उसळी सरळ हँडलमध्ये येते. पेट्रोल पंपाचा गेज इतका खालचा आकडा नीट दाखवतच नाही. 0 ते 10 पीएसआयचा, खास कमी दाबाचा गेज शेतीच्या दुकानात मिळतो. गाडी थंड असताना मोजा. डाव्या-उजव्या चाकात एका पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते.

वळत नाही, त्याचं पहिलं कारण ही हवा. दुसरं, तुम्ही कदाचित चारचाकी जोर कायम लावून ठेवता. सपाट आणि कोरड्या जागेवर तो काढा, हँडल लगेच हलकं होईल. तिसरं कारण गाडीच्या बांधणीतच आहे. मोटारीच्या मागच्या दोन चाकांना वळताना वेगवेगळ्या वेगाने फिरता येतं. तुमच्या क्वाडच्या मागच्या चाकांमध्ये सरळ एक अखंड ॲक्सल आहे, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. म्हणून वळताना आतलं मागचं चाक थोडं घसरलं पाहिजे, तरच गाडी वळते. ते चाक घसरावं यासाठी वळणाआधी थ्रॉटल (वेगाचा खटका) सोडायचा, सीटवर पुढे आणि वळणाच्या आतल्या बाजूला सरकायचं, बाहेरच्या पायावर जोर द्यायचा. नुसतं हँडल फिरवून भागत नाही, अंग हलवावं लागतं. सीट लांब आहे ती याचसाठी. मागे माणूस बसावा म्हणून नाही, चालवणाऱ्याला पुढे-मागे आणि बाजूला सरकता यावं म्हणून. तुमच्या गाडीवर दुसऱ्या माणसाला मनाई करणारा स्टिकरही असणार, बघा.

यातूनच पुढचं कळेल. डांबरी रस्त्यावर आतलं चाक घसरत नाही, पकडतं, आणि मग गाडी बाहेरच्या बाजूला कलते. शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत दोनशे मीटर जायचं असलं तरी डांबरावर नेऊ नका.

आता उतार. चढताना चारचाकी जोर लावा, खालचा गिअर पायथ्यालाच टाका, अंग पुढे. चढाच्या मध्ये गिअर बदलायचा नाही, वळायचं तर मुळीच नाही. उतरताना पहिला गिअर, अंग मागे, पाय पायठाण्यांवर घट्ट. चारचाकी जोर लावलेला असला की इंजिनाचं ओढून धरणं चारही चाकांना मिळतं, ब्रेक हलकेच लागतो. चढताना इंजिन बंद पडलं तर दोन्ही ब्रेक धरा, पार्किंग ब्रेक लावा आणि वरच्या अंगाला उतरा. गाडी मागे सरकायला लागली आणि घाबरून फक्त मागचा ब्रेक दाबला, तर पुढची चाकं उचलतात आणि गाडी अंगावर येते. आधी पुढचा ब्रेक, तोही हळूहळू.

स्कूटीवाल्यांसाठी एक फार महत्त्वाचं, कारण मीही राजदूतवर शिकलेला आहे. दुचाकीवर तोल गेला की आपला पाय आपोआप जमिनीवर जातो. क्वाडवर तसा पाय खाली टाकलात, तर मागचं चाक त्याच पायावरून जातं. मी असे दोन घोटे बघितले आहेत. ही सवय मोडायला मला वर्ष लागलं. रोज बसताना तोंडाने म्हणायचो, पाय वर, पाय वर.

आडव्या उताराबद्दल मी जे सांगतो ते अंगावर घेतलेलं आहे. 2012 चा ऑगस्ट. चार दिवस पाऊस लागून राहिला होता. मागे 80 लिटरची टाकी, निम्मी रिकामी झालेली. रोज जातो ती वाट होती, म्हणून कलाकडे लक्षही नव्हतं. खालच्या बाजूचं पुढचं चाक वॉम्बॅटच्या (इथला बीळ खणणारा प्राणी) बिळात गेलं. टाकीतलं पाणी एकदम खालच्या बाजूला धावलं आणि गाडी माझ्यासकट पलटली. मांडी आणि कंबर खाली अडकली. जमीन पावसाने मऊ होती, मी त्या चिखलात रुतलो, म्हणून छातीवर सगळा भार आला नाही. फोन जॅकेटमध्ये होता आणि जॅकेट पुढच्या रॅकवर. हात पोचत नव्हता. दीड तासाने, दुपारच्या धारेला गाई का आल्या नाहीत म्हणून मालक बघायला आले. कंबरेचं हाड मोडलं होतं. चार महिने कामावर नव्हतो.

तेव्हापासून माझा नियम: फोन अंगावर, चेन असलेल्या खिशात. डोंगराच्या पलीकडे रेंज नसते, तिथे मी पीएलबी नेतो, तो उपग्रहावरून बचाव यंत्रणेला ठिकाण कळवतो. आणि निघताना घरात सांगून जायचं, कुठल्या पॅडॉकमध्ये (कुंपणाच्या कुरणात) आणि किती वाजेपर्यंत.

तुमची 60 लिटरची टाकी भरली की रॅकवर 60 किलो पाणी, वर टाकीचं आणि पंपाचं वजन. रॅक किती पेलतो ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. आणि अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा दगाबाज. ब्लॅकबेरीसाठी माझं ऐका: 30 मीटरच्या होजचं रीळ लावा, क्वाड उताराच्या माथ्यावरच्या सपाट वाटेवर उभी करा आणि होज ओढत चालत उतारावर जा. पायांना त्रास आहे, पण ब्लॅकबेरी बहुधा ओढ्याच्या काठच्या तीव्र उतारावरच असते आणि तिथे क्वाड नेण्यासारखी जागाच नसते.

देखभालीचं रात्री लिहितो, आता एक बेलर (गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र) उघडा पडला आहे.

संत्रानगरी

मी नागपूरची, गेली नऊ वर्षं व्हिक्टोरियातल्या ग्रामीण भागातल्या एका इस्पितळात इमर्जन्सीला नर्स आहे. तुमच्या मुलीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

ही गाडी अडीचशे किलोच्या वर असते. उलटून छातीवर बसली की हाड मोडलेलं नसलं तरी माणसाला श्वास घेता येत नाही, कारण फासळ्यांना फुगायला जागाच नसते. बाहेरून बघितलं तर अंगावर जखम दिसत नाही. ऑस्ट्रेलियात शेतावर क्वाडखाली गेलेल्यांपैकी कितीतरी जण असे गुदमरून गेले आहेत. त्यांच्यावर दगड पडला नव्हता की डोकं फुटलं नव्हतं. फक्त वेळेत कोणी पोचलं नाही.

मुलीला मागे बसवलंत तर तुमचं अंग सरकायची जागा ती अडवेल, शिवाय गाडी मागून जड होऊन चढावर पुढून उचलेल. पुढे बसवलंत तर हँडल आणि तुमच्या छातीच्या मध्ये ती असेल. दोन्ही नको. मोठ्यांच्या क्वाडवर 16 वर्षांखालच्या मुलांनी बसायचंच नाही, हे बनवणारेच सांगतात. तिला एकदा स्पष्ट नाही म्हणा आणि कारण सांगा. आठ वर्षांच्या मुलीला कारण कळतं.

हेल्मेटबद्दल: मोटारसायकलचं फुल हेल्मेट उन्हाळ्यात कोणी घालत नाही आणि मग उघड्या डोक्यानेच जातात. न्यूझीलंडचं एनझेडएस 8600 हे मानक शेतावरच्या क्वाडसाठीच आहे. ती हेल्मेटं हलकी असतात, कान मोकळे राहतात. गाडीच्या चावीबरोबर एकाच खुंटीला टांगून ठेवा.

सुरूचं_बन

मी अलिबागच्या बाजूला किनाऱ्यावर दोन हंगाम पर्यटकांसाठी एटीव्ही, म्हणजे अशाच क्वाड, चालवायला द्यायचो, पाच गाड्या होत्या. तुमच्या गाडीपुढे त्या लहान, पण माणसं सारखीच वागतात, म्हणून लिहितो.

नवीन माणूस घाबरला की मूठ आवळतो. या गाडीचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो. मूठ आवळली की अंगठा आणखी दाबला जातो आणि गाडी थांबायच्या ऐवजी पळते. बुलेट चालवणारे, जीप चालवणारे, सगळ्यांचं हेच व्हायचं. मी प्रत्येकाला आधी उभ्या गाडीवर बसवून, इंजिन बंद, वीसदा अंगठा दाबून सोडायला लावायचो. मग पहिल्या गिअरमध्ये दोन बरण्यांच्या मधून आठचा आकडा काढायचा. ज्याला तो जमला नाही त्याला पैसे परत. माझ्या काही गाड्यांना अंगठ्याच्या खोक्यावर एक छोटा स्क्रू होता, तो आत घेतला की थ्रॉटल पूर्ण दाबला जात नाही. तुमच्या गाडीला आहे का बघा, सासऱ्यांसाठी उपयोगी पडेल.

दुसरं, वाळू आणि मीठ. इनव्हर्लॉकच्या किनाऱ्याकडे गाडी न्यायचा मोह झालाच तर आधी तिथे परवानगी आहे का ते विचारा, आणि आल्या दिवशी गोड्या पाण्याने धुवा, उद्यावर टाकू नका. माझ्या दोन गाड्यांची बेअरिंगं एका हंगामात गेली, ती मी रात्री दमून न धुता झोपलो म्हणून.

कुकडीकाठ

दोघांनीही फार मोलाचं लिहिलं. आठच्या आकड्याचं मी आता इथल्या लोकांनाही सांगेन.

ताई, देखभाल. झाकणावरची साय म्हणजे ऑइलमध्ये पाणी. पण लगेच घाबरू नका. तुमच्याकडे गाडी रोज पाच मिनिटं फिरते आणि परत शेडमध्ये, थंडीच्या दिवसांत इंजिन पुरतं तापत नाही, आत दव धरतं आणि त्याचा थर झाकणाला बसतो. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला, आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चांगली चालवा, थर येणं थांबेल. डिपस्टिकवरचंही ऑइल दुधाच्या चहासारखं असेल तर गाडी खोल पाण्यातून गेली आहे किंवा कूलंट आत येतंय. मग ती चालवू नका, दाखवा.

ऑइल घेताना डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं बघा. या इंजिनात क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. मोटारीचं इंधन वाचवणारं ऑइल टाकलंत तर क्लच घसरायला लागतो. पुढच्या डिफरन्शियलचं आणि मागच्या फायनल ड्राइव्हचं (दोन्ही चाकांना जोर पोचवणाऱ्या गिअरच्या पेट्या) ऑइलही याच वेळी काढून बघा, कारण नोंदच नाही म्हणता. ओढा ओलांडणाऱ्या गाडीत तिथे हमखास पाणी सापडतं, आणि ते कोणी बघत नाही.

एअर फिल्टर सीटखाली आहे, स्पंजचा. बॉक्स उघडताना उंदरांचं घरटं मिळालं तर नवल नाही, हिवाळ्यात त्यांना तिथे ऊब मिळते. स्पंज पेट्रोलने धुवायचा नाही: वाफ पेट घेते आणि स्पंजही विरतो. कोमट पाणी आणि भांडी धुवायचा साबण, दाबून पाणी काढायचं, पिळायचा नाही, सावलीत पूर्ण वाळवायचा. मग फिल्टरचं तेल सगळीकडे लागेल असं चोळून जास्तीचं दाबून काढायचं. तेल न लावता कोरडा बसवला तर धूळ सरळ इंजिनात जाते. बॉक्सच्या तळाला एक छोटी नळी आहे, तिच्यात पाणी किंवा चिखल साचलेला दिसला तर फिल्टरची वेळ झाली.

रोज निघण्याआधी मी दोन मिनिटं देतो. टायर डोळ्याने आणि हाताने. अंगठ्याचा थ्रॉटल दाबून सोडायचा, हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे. तीनही वेळा तो आपला आपण टक्कन परत यायला हवा. चिखल वाळून तो अडकतो, आणि अडकलेला थ्रॉटल उतारावर काय करेल ते सांगायला नको. दोन्ही ब्रेक. गाडीखाली डाग पडलाय का. महिन्यातून एकदा पुढचा भाग जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. वर-खाली खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवी आली तर टाय रॉड (हँडलचं वळण चाकापर्यंत नेणारा दांडा). सीव्ही जॉइंटवरचे (चाकाला जोर पोचवणारा सांधा) रबरी बूट फाटलेले नाहीत ना, तेही तेव्हाच. फाटका बूट स्वस्तात बदलतो, चिखल गेलेला जॉइंट फार महाग पडतो.

धुताना जोराच्या पाण्याचं मशीन बेअरिंगांवर आणि रेडिएटरवर मारू नका. रेडिएटरच्या पातळ पत्र्या वाकतात. साध्या होजने, मागून पुढे पाणी सोडा, म्हणजे चिखल आला त्या वाटेने बाहेर पडतो.

आणि डिसेंबर येतोय, तर सायलेन्सरच्या भोवती आणि खालच्या पत्र्यावर अडकलेलं वाळलं गवत रोज काढा. तापलेल्या सायलेन्सरवर ते धुमसतं आणि तुम्ही पुढे गेल्यावर मागे गळून पडतं. गिप्सलँडच्या उन्हाळ्यात वणवा लागायला तेवढं पुरे होतं. उंच वाळल्या गवतात क्वाड उभी करू नका.

पट्टीबद्दल. 11 ऑक्टोबर 2021 पासून इथे विकल्या जाणाऱ्या नव्या शेती-क्वाडला ऑपरेटर प्रोटेक्शन डिव्हाइस आणि स्थिरतेची किमान पातळी सक्तीची झाली. त्या सुमारास काही मोठ्या कंपन्यांनी इथे क्वाड विकणंच थांबवलं. जुन्या गाडीला तो नियम लागू नाही, पण पट्टी नंतर बसवता येते. क्वाडबार आणि लाइफगार्ड ही दोन नावं तुम्हाला सगळीकडे ऐकू येतील. पहिली ताठ, दुसरी लवचिक, कड्यांची, अंगावर आली तर वाकते. दोन्हींचा हेतू एकच, गाडी आणि जमीन यांच्यात माणसाच्या छातीपुरती जागा उरावी. मी 2013 पासून पट्टीशिवाय क्वाडवर बसलेलो नाही. सर्व्हिसिंगच्या आधी ती घ्या.

सासऱ्यांचं मला समजतं, माझे वडीलही तसेच होते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला यंत्राच्या वजनावर भरवसा ठेवायची सवय असते, आपण बसलो की बसलो. इथे उलट आहे, इथे आपलं अंग हेच वजन. त्यांना नाही म्हणू नका, शिकवा असं म्हणा. सपाट पॅडॉक, पहिला गिअर, टाकी काढून ठेवलेली, हेल्मेट, आठचा आकडा. माणूस कष्टातला आहे, दोन दिवसांत पकडेल. उतारावर मात्र तुमच्या परवानगीशिवाय नाही, आणि ते तुमच्या नवऱ्याने सांगावं, तुम्ही नको. जमलं तर पुढेमागे सेकंडहँड साइड-बाय-साइड बघा: स्टीअरिंग, पट्टे, वर पिंजरा. मुलीलाही पाय टेकायच्या वयाची झाली की तीत बसवता येईल.

हिरवी_टेकडी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी दिवसभर गाडीपाशी होतो, म्हणून उशीर झाला.

गेज आणला. पुढचं डावं 17, पुढचं उजवं 19, मागची दोन्ही 20. आता चारही साडेतीनवर आहेत. चारचाकी जोर खरंच कायम लावलेला होता, तो काढायचा खटका मला माहीतच नव्हता. गाडी वळते!

डिपस्टिक स्वच्छ आहे, म्हणजे दवच. फिल्टरच्या बॉक्समध्ये घरटं होतंच, गवत आणि सीटचा फोम कुरतडून केलेलं, आत कोणी नव्हतं. मागच्या फायनल ड्राइव्हमधून निघालं ते राखाडी पाणी होतं, ऑइल म्हणवत नाही. पुढच्या उजव्या चाकाला आडवी खडखड आहे. कुकडीकाठ, टाय रॉडचं टोक मी घरी बदलू शकते का, की नंतर अलाइनमेंट करावी लागते?

मुलीला सांगितलं. रडली, मग विचारलं की मग मी फाटक उघडायला पुढे पळत जाऊ का. ते काम तिला दिलं आहे, फक्त फाटक उघडून कुंपणाच्या पलीकडे उभं राहायचं, गाडी जाईपर्यंत. पट्टी पुढच्या आठवड्यात येते आहे.

कुकडीकाठ

बदलू शकता. जुनं टोक काढण्याआधी किती आटे आत आहे ते मोजून लिहून ठेवा, नवं तितकेच आटे आत घ्या. नंतर पुढच्या दोन चाकांमधलं अंतर, टायरच्या मध्यरेषेवर, पुढून आणि मागून फितीने मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. कॅसल नटची खीळ नवीनच वापरा. ते होईपर्यंत गाडी शेडमध्येच राहू द्या.